खरखरीत अक्षरं

अक्षरं घेऊन आलेल्या माणसाला मी ती परत न्यायला लावली, ही आमची पहिली भेट.

ऑर्डर मी सुतारकाकांना दिली होती; आला त्यांचा पुतण्या. त्याने खोक्यातून लाकडी ‘क’ काढून माझ्या हातात ठेवला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला. अक्षर लोण्यासारखं गुळगुळीत होतं… आणि माझ्या काहीच कामाचं नव्हतं.

“हे घासलंत कशाला?”

“मुलांच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून. सगळी घासलीत, बाई. वर पॉलिशही केलंय.”

तो इतक्या प्रामाणिकपणे बघत होता की मला धड रागावताही येईना. शेवटी आत बसवून त्याला समजावलं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या लक्षात अक्षर नुसतं बघून राहत नाही. ते बघायचं, बोटाने गिरवायचं आणि त्याच वेळी मोठ्याने म्हणायचं. बोटाला खरखर लागलीच नाही तर बोट शिकणार काय? त्यात शनिवारी चिमणीचे बाबा येणार होते. तिला अजून एकही अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि फरक दिसला नाही तर तिला घरी बसवणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. चिमणी माझी लाडकी. शिवाय मला हरायची सवय नाही.

त्याने खोकं उचललं. दारात मात्र अडखळला. “खरखर किती हवी ते… येऊन दाखवत जाऊ?”

“या की,” मी जरा घाईनेच म्हणाले.

मग तो रोज संध्याकाळी सँडपेपर चिकटवलेला नवा नमुना घेऊन यायला लागला. मी डोळे मिटून बोट फिरवायची. एक फार बोचरा निघाला, एक फारच मऊ. एक अगदी हवा तसा होता, पण तोही मी नापास केला. पास केला असता तर दुसऱ्या दिवशी तो कशाला आला असता? त्याच्याबरोबर लाकडाच्या भुशाचा वास यायचा, आणि हल्ली माझं लक्ष दुपारपासूनच दाराकडे असायचं.

शनिवारी तो शेवटी पास झालेली सगळी अक्षरं घेऊन आला, आणि चिमणीने बाबांसमोर डोळे मिटले. अक्षरावरून बोट फिरवलं… थांबली. बोट पुन्हा फिरलं.

“क,” ती म्हणाली. मग वर्ग दणाणून सोडत, “क!”

आमच्याकडे उत्तर जमलं की सगळ्यांनी ‘बरोबर’ म्हणून ओरडायचं असतं. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी सुतारकाकांचा पुतण्या ओरडला. बाबांनी ते अक्षर उचलून स्वतः त्यावरून बोट फिरवलं. “सोमवारी पाठवतो तिला,” एवढंच म्हणाले आणि लेकीचा हात धरून निघाले.

तो मात्र रिकामं खोकं आवरत रेंगाळला.

“काम संपलं, बाई. आता यायला कारण नाही… पण मला यायचंय. तुमच्यासाठी. येऊ?”

मी त्याचा हात ओढून घेतला. तळवा अगदी हवा तसा, खरखरीत. त्यावर बोटाने सावकाश ‘हो’ लिहिलं.

तो गालात हसला. “असं नाही चालत. तुमच्या वर्गात लिहिताना मोठ्याने म्हणायचं असतं ना?”

नियम माझाच होता. मी पुन्हा लिहिलं आणि मोठ्याने म्हटलं. चांगलंच मोठ्याने म्हटलं असणार, कारण फाटकापाशी पोचलेली चिमणी मागे वळून ओरडली, “बरोबर!”