सातला सोडलेलं कबूतर

म्हातारा सकाळी आठ वाजता गच्चीवरून पडून मेला आणि दुपारपर्यंत पोलिसांनी त्याच्या मुलीलाच दोषी ठरवून टाकलं. घरात ती एकटीच होती. संध्याकाळी फौजदार तिला न्यायला येणार होता, म्हणून तिने वहिनींना बोलावलं.

वहिनी खाजगी तपास करायच्या. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे. सोबत त्यांचे धाकटे दीर, भावजी, पिशवी सांभाळायला. भावजींचं डोकं चालायचं, पण गाडी उशिरा सुटायची, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

गच्चीवर शर्यतीच्या कबुतरांची खुराडी होती. शेजारच्या घराची गच्ची पाऊलभर अंतरावर.

“तुझा भाऊ कुठे होता?” वहिनींनी मुलीला विचारलं.

“दुसऱ्या शहरात. तांबडी मादी सरावासाठी काल टोपलीतून नेली. सकाळी सातला सोडतो म्हणाला. बरोबर दहाला ती खुराड्यात शिरली, पोलिसांच्या डोळ्यांदेखत.”

“आल्यावर पाणी प्यायली?”

“नाही, थेट पिलांपाशी गेली. एरवी लांबून आली की आधी चोच पाण्यात.”

माणूस मेलाय आणि वहिनी कबुतराची तहान विचारताहेत, असं भावजींना वाटलं. वहिनींनी भिंतीवरच्या नकाशावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला. मग म्हाताऱ्याची उड्डाणांची वही चाळत बसल्या.

तेवढ्यात भाऊ आला. बसचा ड्रायव्हर.

“अंतर किती हो?”

“दोनशे दहा किलोमीटर. सहा वर्षं त्याच रस्त्यावर आहे, झोपेतही सांगेन. बसला चार तास, कबुतराला तीन. ताशी सत्तर, बाबाच म्हणायचे.”

“बाबांशी पटायचं?”

“मला गच्चीवर खोली बांधायची होती. बायकोला घेऊन भाड्याच्या खुराड्यात राहतोय मी. बाबांनी गच्ची कबुतरांना दिली. पण म्हणून कोणी बापाला ढकलतं का?”

भावजी वहिनींच्या कानाशी लागले. “सातला तिथे असलेला माणूस आठला इथे कसा येईल? हा सुटला.”

फौजदार आला, तेव्हा वहिनींनी वही मिटली.

“भावजी, कबूतर घाट चढून येतं का?”

“छे!”

“रस्ता डोंगराला वळसा घालतो, म्हणून दोनशे दहा. दोरा सरळ धरला तर एकशे वीस. वहीत तांबडीच्या त्याच शहरातून नऊ फेऱ्या आहेत, सगळ्या पावणेदोन तासांच्या. आज तीन लागले. रेंगाळली म्हणावं, तर घरी पिलं. आणि तीन तास उडालेलं पाखरू पाण्याकडे ढुंकूनही बघत नाही? ती गावाबाहेरूनच सुटली, दहाच्या जरा आधी. कबुतरं पाळणाऱ्याने ती पावणेनऊला पोचवली असती. हा हिशेब रस्ता मोजणाऱ्याचा. आणि शेजारच्या गच्चीवरून इथे यायला एक पाऊल पुरतं.”

भावजींनी बोटांवर मोजलं आणि त्यांना उशिरा का होईना कळलं. पोरगी वाचली म्हणून त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

भावाने नाकारलं नाही. बेड्या पडल्यावर दारात थांबून तो बहिणीकडे वळला.

“बाबा लगेच पडले नाहीत, ताई. कठड्याला लटकून तुलाच हाका मारत होते. तू खाली पाण्याची मोटर लावली होतीस. आठला लावतेस, मला ठाऊक होतं.”

फौजदाराने त्याला पुढे ढकललं.

“खोटं बोलतोय ना तो?” मुलीने विचारलं. “वहिनी, सांगा ना, खोटं बोलतोय ना?”

वहिनींनी तिचा हात धरला.