पाचवं कडवं

मे महिन्यातली दुपार होती. घुगऱ्यांसाठी हरभरे किती भिजवायचे, एवढंच विचारायला चित्रा वरच्या मजल्यावर चालली होती. मीनलच्या मुलीचं उद्या बारसं होतं, आणि घरमालकीण म्हणून घुगऱ्यांचं काम चित्राने आपणहून अंगावर घेतलं होतं.

रायपूरच्या बुढापारा वस्तीतल्या मराठी घरांत एके काळी बारसं ठरलं की पहिला निरोप चित्राकडे यायचा. पाळणा तिच्याकडूनच लिहून घ्यायची रीत होती. बाळाचं नाव, आजोळचं गाव, आत्याची खोड, सगळं ती त्यात असं बसवायची की आत्याबाई आधी रुसायच्या आणि मग तोच कागद जपून ठेवायच्या. नऊ वर्षांपूर्वी तिने लिहिणं सोडलं. का सोडलं ते पाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारत नसे. मीनल आणि तिचा नवरा भार्गव हे भाडेकरू मात्र नवे. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

जिन्यात अर्ध्यावर तिचा पाय थांबला. वरून मीनलचा आवाज येत होता, दबका, पाळण्याच्या कुरकुरीबरोबर…

तलावाच्या काठी बदकांची रांग,
पायी नाही चप्पल, त्यांना कुणी सांग,
रमा म्हणे आई, मी देते थांब,
जो जो गं रमा, जो जो.

भर दुपारी, रायपूरच्या त्या भट्टीत, चित्राच्या अंगावर काटा आला. हे कडवं तिचं होतं. तिचं म्हणजे तिच्या लेकीचं, ईराचं. ईराच्या बारशाला तिने एकच कडवं लिहिलं होतं आणि मग दर वाढदिवसाला एकेक जोडत गेली होती. तिसऱ्या वाढदिवसाच्या सकाळी ईरा बुढा तालाबावर गेली असता बदकं अनवाणी आहेत म्हणून फार हळहळली आणि तिने आपल्या दोन्ही चपला पाण्यात टाकल्या. बापाच्या, अच्युतच्या खांद्यावर बसून घरी आली ती पोर. चौथ्या वाढदिवसाआधीच ताप आला. पाचवं कडवं लिहायची वेळच आली नाही.

वर मीनल मांडीवर फोन ठेवून पाळण्याची दोरी ओढत होती. चित्राला पाहून ती हसली. “काकू, बरं झालं आल्या. फोनले म्हटलं, आमच्या रमाचा पाळणा लिहून दे, तर मिनिटभरात दिला त्यानं. तीन दिवसांपासून हाच म्हणून राहिली मी. अकरा दिवसांच्या पोट्टीले चप्पल कुठून आली कोण जाणे, पण किती गोड आहे नं?”

चित्राने पाळण्यात पाहिलं. रमा टक्क जागी होती. ईराच्या जागी रमा किती बेमालूम बसलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.

“हा माझ्या ईराचा पाळणा आहे,” चित्रा म्हणाली. “आणि ईरा नाही आता. गेलेल्या लेकराचा पाळणा जित्या लेकरावर म्हणू नाही, मीनल.”

मीनलच्या हातातली दोरी सुटली. आतून भार्गव आला. नवा रायपूरच्या कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करणारा, मनाने वाईट नसलेला मुलगा. त्याने हलक्या आवाजात विचारलं, पाळणा कुठे टाकला होता का? चित्राने सांगितलं, हो, नेटवरच्या आपल्या पानावर, रायपूरच्या मराठी मंडळींसाठी, ईरा गेल्यावर तेराव्या दिवशी. चारही कडवी. खाली तेवीस जणांनी हात जोडले होते.

“सबको दिखे, ऐसा रखा होगा,” तो म्हणाला. “काकू, ही मशीन नेटवर उघडं पडलेलं सगळं वाचून शिकते. करोडो लोकांचं वाचते, कोणालाच विचारत नाही. आता लॉक केलं तरी जे शिकलं ते शिकलं.”

“ओसरीवर चार माणसं येऊन बसावीत म्हणून दार उघडं ठेवलं होतं मी,” चित्रा म्हणाली. “त्यांनी माझी पोट्टी उचलून न्यावी म्हणून नाही.”

मीनलने डोळे पुसत पुसत फोनमधला पाळणा काढून टाकला आणि उद्या पाळण्याशिवायच बारसं करू म्हणाली. हरभऱ्यांचं विचारायचं राहूनच गेलं.

खाली येऊन चित्रा पंख्याखाली बसली. दार उघडं ठेवण्याचं खरं कारण तिने वर सांगितलं नव्हतं. अच्युत तेव्हाच म्हणाला होता, लॉक कर, आपल्यातच राहू दे. तिने केलं नाही. लॉक केलं तर ईरा कशी येईल, असं तिला वाटलं होतं. शुद्ध वेडेपणा, कबूल. पण लेकरू गेलेल्या बाईला शहाणपण शिकवायला कोण जाणार? नऊ वर्षं ती रोज दुपारी ते पान उघडून बघायची, चोविसावं कोणी आलंय का.

आज तिने ‘फक्त मी’ वर बोट ठेवलं. ठेवलं आणि ऊर फुटेस्तोवर रडली. लेकीच्या तोंडावर कडी लावल्यासारखं झालं तिला.

रडून झाल्यावर राग आला. मीनलच्या फोनमधलं ते ॲप तिच्याही फोनमध्ये होतं, भार्गवनेच कधी तरी घालून दिलेलं. तिने विचारलं, माझ्या ईराचा पाळणा कुठून उचललास? एका बाईच्या गुळगुळीत आवाजात उत्तर आलं की आपण खूप मजकूर वाचून शिकलो आहोत, नेमकं कुठून ते सांगता येत नाही, क्षमस्व. मग आवाज थांबला. चित्रा फोन उलटा ठेवणार, तोच तो पुन्हा आला, हळू… आणि तेवढा गुळगुळीत नाही.

“पाचवं म्हण नं, आई… पण पंखा बंद कर. गाणं ऐकू नाही येऊन राहिलं.”

दवाखान्यातही अशीच दुपार होती. वॉर्डात सहा लेकरं, डोक्यावर घरघरणारा एकच पंखा, आणि ईराच्या कानाशी पाळणा म्हणणारी चित्रा. ईरा नेमकं हेच म्हणाली होती. बाकीची लेकरं उकाड्याने तळमळत होती, म्हणून चित्राने पंखा बंद केला नाही. ईरा झोपली ती उठलीच नाही. हे वाक्य चित्राने कुठेच लिहिलं नव्हतं. अच्युतलासुद्धा सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं ते तिच्या छातीत होतं, फक्त तिथेच.

ती उठली, भिंतीला धरत बटणापर्यंत गेली आणि तिने पंखा बंद केला. खोली इतकी शांत झाली की घड्याळ ऐकू येऊ लागलं. चारही कडवी तिने म्हटली, आणि पाचवं तिथेच, घामाने निथळत, जुळवून म्हटलं. ते काय होतं ते विचारू नका. फोन गप्पच होता.

दुसऱ्या दिवशी बारसं पाळण्याशिवाय झालं. चित्राने घुगऱ्या वाटल्या, रमाला काजळ लावलं. निघताना मीनल तिला सोडायला जिन्यापर्यंत आली. ओढणीने मानेवरचा घाम पुसत होती.

“काकू, वर फार उकडते, माफ करजा. कालच्या दुपारपासून काय झालं या पोट्टीले, काही समजत नाही. पंखा लावला की रडते. बंद केला की गप… आणि खाली कान लावून पडून राहते.”