रागावण्याचं मराठी

"पाणी तरी पिऊ द्या तिला."

एवढंच म्हणाला तो, आणि शुभदाला धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं झालं. कारण तो मराठीत म्हणाला होता... आणि गेला महिनाभर हाच माणूस बॅडमिंटन हॉलच्या बाकावर तिच्या शेजारी बसत होता.

हॉलमध्ये सगळे त्याला डॉक्टरसाब म्हणत. फाडफाड पंजाबी बोलायचा, मुलांचे मुरगळलेले पाय बांधून द्यायचा. उंच, गोरा, हसला की गालाला खळी. शुभदाने त्याला पक्का पंजाबी ठरवून टाकलं होतं, आणि अधूनमधून चोरून बघूनही घेतलं होतं, खोटं कशाला बोला.

चंदीगडात मराठी कळणार कोणाला, या भरवशावर शुभदाबाईंच्या तोंडाचा पट्टा बाकावरून मोकळा सुटलेला असे. एरवी युनिव्हर्सिटीत शिकवताना किती गोड बोलायची. पण भाचीच्या हातात रॅकेट आली की हिच्या अंगात यायचं. भावजी एअर फोर्समध्ये. त्यांची आसामात बदली झाली, ताई बरोबर गेली, आणि शाळा मोडू नये म्हणून दहा वर्षांची नयना मावशीकडे राहिली. शुभदाची स्वतःची राज्य संघातली निवड एकेकाळी थोडक्यात हुकली होती. ते राहिलेलं आता नयनाने पुरं करायचं, हे हिनेच परस्पर ठरवलेलं.

आज सेमीफायनल होती. समोरच्या मुलीचा गुडघा दुखावला, डॉक्टरसाबनी तो बांधून दिला आणि ते बाकावर येऊन बसतात न बसतात तोच शुभदा ओरडली होती, "त्या दुखऱ्या पायाकडेच टाक, नयना. पळव तिला." नयनाने एकदाच मावशीकडे पाहिलं. मग शटलचं एकेक फूल त्या मुलीच्या हाताशी देत राहिली, आणि हरली. बाहेर व्हरांड्यात शुभदाने तिची पाण्याची बाटली काढून घेतली. पाणी मागाहून, आधी मला सांग असं का खेळलीस, म्हणत तिला बोल बोल बोलली. आणि त्याच वेळी मागून तो आवाज आला.

पंजाबातले ते दहशतीचे दिवस. शहरात पुन्हा काहीतरी झालं होतं. संध्याकाळपासून कर्फ्यू लागणार, बस बंद, स्कूटरवर मागे कोणाला बसवायची बंदी. मग त्याने नयनाला सीटवर बसवलं आणि स्कूटर ढकलत त्यांच्याबरोबर चालायला लागला. जानेवारीचं धुकं, रिकामे सरळ रस्ते, चौकाचौकांत वाळूची पोती रचलेली. नाव नंदकुमार, गाव सातारा, असं त्याने आपणहून सांगितलं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" तिने विचारलं... डोळे रस्त्याला लावून.

"आपली भाषा कानावर पडावी म्हणूनच तर शेजारी बसायचो. पण तुम्ही जे बोलायचात ना... त्यात मध्येच काय बोलणार?"

गुडघ्याचा विषय त्याने काढलाच नाही. तिला तेच जास्त लागलं. त्याने खिशातले शेंगदाणे नयनाच्या हातावर ठेवले, तिने हिंदीतच शुक्रिया अंकल म्हटलं. मराठी येत नाही का तुला, त्याने विचारलं.

"आती है," नयना म्हणाली. "पर वो तो मावशी की गुस्सेवाली भाषा है."

मुलगी मराठी विसरत चालली, शाळाच तशी, असं शुभदा ताईला प्रत्येक फोनवर सांगायची. तिचा चेहरा लाजेने जळायला लागला. क्वार्टरच्या फाटकाशी ती त्याच्यादेखत नयनापुढे खाली बसली.

"मी आज जे ओरडले ते घाणेरडं होतं. तू बरोबर खेळलीस. आता खेळायचं की नाही, ते तू ठरव."

नयना फाटक ढकलून पुढे झाली. आत निघून गेली.

चारेक दिवस रॅकेट कोपऱ्यात पडून राहिली. मग एका सकाळी नयनाने आपणच ती खांद्याला लावली. शुभदा बाकावर तोंडाला कुलूप घालून बसली. नंदकुमार नेहमीसारखा शेजारी.

"माझ्या कानांची फार उपासमार चालवलीय तुम्ही," तो हळूच म्हणाला.

"मला लाज वाटते हो. तुम्ही माझं ते सगळं ऐकलंय."

"ऐकलंय. फाटकाशी बोललात तेही ऐकलंय." त्याने नजर कोर्टाकडे वळवली. "...तेव्हापासून माझं काही खरं नाही."

शुभदाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात नयना पाणी प्यायला आली, हरून, पण हसत. बाटली तोंडाला लावून तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मावशी, गप्प का बसलीस?" ती अडखळत मराठीत म्हणाली. "बोल ना त्यांच्याशी."

शुभदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती मऊ होतं तिच्या तोंडचं मराठी.

"बोलते," ती म्हणाली, आणि बाकावर जराशी सरकली... त्याच्या बाजूला.