राज्य कोणावर?

पडद्यावर एकच ओळ होती : ‘उडीचं बटण दाबा.’ ओळीखाली एक पांढरा ठिपका लुकलुकत होता, आणि यंत्र वाट बघत होतं.

गेल्या चोवीस वर्षांत मृण्मयी रासनेसाठी कुठलंही यंत्र थांबलं नव्हतं. ती पोचण्याआधी दार उघडायचं. मनात आलं न आलं तोवर कप ओठांशी असायचा. सिन्नरच्या पेठेत काही पडून फुटल्याचा आवाज लोक विसरून गेले होते. आणि हे तळहाताएवढ्या डब्यातलं यंत्र मात्र परकरातल्या पोरीसारखं हट्ट धरून बसलं होतं. तू दाब, मगच मी पुढे जाईन.

कंट्रोलर मांडीवर होता. अंगठा लाल बटणावर होता. दाबायचं हे तिला कळत होतं, कसं दाबायचं तेही कळत होतं. अंगठा हलत नव्हता.

“दाब ना रे मेल्या,” ती अंगठ्याला म्हणाली.

शेजारच्या स्टुलावर बसलेली रेहाना तांबोळी हसली नाही. “थांबा ताई. त्याला सवय नाही.”

“बटण दाबायची सवय नाही? अगं, या हातांनी निम्म्या तालुक्याला बांगड्या भरल्यात मी!”

“सुरुवात करायची सवय नाही,” रेहाना म्हणाली.

मृण्मयीने डाव्या मनगटाकडे बघितलं. तिथे पांढुरका पट्टा उमटला होता, ऊन न लागलेल्या कातडीचा. कडं काढून टेबलावर ठेवलेलं होतं. ते मंद निळं चमकत होतं, बोलावल्यासारखं.

हे कडं प्रत्येकाच्या मनगटावर असायचं. हात हलण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत, आणि मग स्नायूंत, विजेची बारीक थरथर उठते. कडं बनवणाऱ्यांनी तिला नाव दिलं होतं पूर्वस्पंद, म्हणजे हालचालीच्या आधीचं स्पंदन. तुम्ही काय करणार आहात हे त्या थरथरीवरून कडं ओळखायचं आणि अंगातल्या हव्या त्या नसेला हलकासा टोचा देऊन ती हालचाल स्वतःच पुरी करायचं, तुमच्यापेक्षा सफाईने. चाकू बोटावर घसरत नसे. म्हाताऱ्याचा पाय पायरीवर चुकत नसे. अक्षर वळणदार येई. वाईट काय होतं त्यात? एकच झालं. काचेच्या किणकिणाटाने त्या थरथरीचं वाचन बिघडे, म्हणून बांगड्या मागे पडल्या. मृण्मयीचं दुकान बारा वर्षांपूर्वी बंद झालं.

आता चाळीस दिवसांनी तिला साठावं लागणार होतं. साठीला कडं कातडीखाली बसवत, कायमचं. नको असेल तर नकार द्यायची सोय कायद्यात होती, आणि त्यात एक प्रामाणिक अट होती : नकाराची सही कडं काढून, स्वतःच्या हाताने करायची.

ती जीवनसुरक्षा कार्यालयात गेली होती. कडं काढलं, पेन हातात घेतलं, आणि तशीच बसून राहिली. पेनाचं टोक कागदापासून बोटभर उंचीवर. मागे रांग खोळंबली. खिडकीमागचे मोहिते साहेब समजुतीने म्हणाले, “राहू द्या ताई. कुणाचीच होत नाही. या जिल्ह्यात आजवर एकसुद्धा नकार आलेला नाही. म्हणजे सगळ्यांना मनातून हवंच असतं की नाही?”

त्या वाक्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथून ती थेट रेहानाकडे गेली. रेहाना लहानपणी तिच्या दुकानात हिरव्या बांगड्यांसाठी हटून बसायची. मोठी होऊन ती कडं बनवणाऱ्या तुकडीत शास्त्रज्ञ झाली. पाच वर्षांपूर्वी तिने ते काम सोडलं, का ते कुणाला सांगितलं नाही, आणि आता ती घरी जुनी खेळयंत्रं जिवंत करत बसे. तिचं मनगट उघडं होतं.

“तुम्हाला एक खेळ देते,” ती म्हणाली होती.

“माझा जीव चाललाय आणि तू खेळ देतेस?”

“खेळच देते. जोडणी मात्र तुम्ही करायची. कडं घालून केलीत तरी चालेल. यंत्राला बटणांची ओळख करून देताना मात्र कडं काढायचं.”

मृण्मयीच्या घरी जोडणीला आठ दिवस गेले. नव्या भिंत-पडद्यावर खेळ चालेना, कारण नवे पडदेसुद्धा अंदाज बांधून चित्र आधीच काढून ठेवत. म्हणून भंगारवाल्याकडून काचेच्या नळीचा जुना टीव्ही आणला. तो चालू केला की गुणगुणायचा, आणि जवळ गेलं की हातावरची लव उभी राहायची. चित्र सारखं वर पळत होतं; मागची खुंटी पिळल्यावर स्थिर झालं. पहिल्या चार्जरची ताकद पुरेना, डब्यातला दिवा एकदा डोळा मारून विझला. मेमरी कार्ड तिने उलटं घातलं. ते सरळ केल्यावर यादीतून भलतंच नाव निवडलं, तर खेळाऐवजी कुठलंसं जुनं हिशोबाचं यंत्र जागं झालं आणि हिरव्या पडद्यावर तिला आकडे मागू लागलं.

सातव्या दिवशी सगळं नीट लागलं आणि पुन्हा बंद पडलं. रेहानाने डबा उघडून बघितला आणि कपाळाला हात लावला. “हे काय आहे?”

“हळदीकुंकू. नवीन यंत्र घरात आलं, तर...”

“ओलं कुंकू? थेट चिपवर? अहो ताई, पूजा डब्याची करतात! चिपच्या धातूच्या पायांना कुंकू लावलंत तर वीज भलतीकडून जाते.”

“मला वाटलं, देव आत असतो.”

रेहाना इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कापसाच्या बोळ्याने एकेक पाय पुसताना तिने समजावून सांगितलं. जुने खेळ चालवायच्या दोन तऱ्हा असतात. एक नकलेची. आजचं यंत्र जुन्या यंत्राची नक्कल करतं : प्रश्न ऐकतं, ‘तो म्हातारा इथे काय बोलला असता?’ असा विचार करतं, मग त्याच्या आवाजात उत्तर देतं. त्या विचाराला क्षणभर लागतो, आणि तो क्षण झाकायला आजची यंत्रं अंदाज वापरतात. दुसरी तऱ्हा या चिपची. हिच्यात लाखो इवले दरवाजे असतात, आणि ते हवे तसे जोडता येतात. कार्डावर खेळाबरोबर जुन्या यंत्राच्या तारांचा आराखडाही असतो. तो वाचून ही चिप स्वतःच ते यंत्र होते.

“म्हणजे बहुरूपी,” मृण्मयी म्हणाली.

“अगदी. आम्हीही तिला बहुरूपीच म्हणतो. पोलीस होऊन आलेला बहुरूपी विचार करत नाही, पोलीसच असतो तेवढा वेळ. तुम्ही बटण दाबलं की वीज तारेतून धावते आणि चित्र हलतं. मधे कुणी नाही.”

“मधे कुणी नाही,” मृण्मयीने ते शब्द तोंडात घोळवले. “आणि नुसती पेन्सिल घेऊन बसले असते तर?”

“पेन्सिल कधी विचारत नाही. खेळ विचारतो. आणि चुकलात तर तिथल्या तिथे बुडवतो, लाड करत नाही.”

तर आज बटणांची ओळख होती. ठिपका लुकलुकत होता. अर्धा तास झाला. मृण्मयीच्या कपाळावर घाम आला. अंगठा दुसऱ्याचा असल्यासारखा पडून होता. एक डास चावला तेव्हा हाताने फटकन त्याला मारलं, पण बटणावर परत येताच अंगठा पुन्हा दगड झाला.

“डास मारता येतो आणि बटण दाबता येत नाही?”

“डासाने सुरुवात केली,” रेहाना हळूच म्हणाली. “तुम्ही फक्त उत्तर दिलंत. उठणं-बसणं, बोलणंही असंच कशाच्या तरी उत्तरात होतं; शांतपणे ठरवून करायचं तेवढं अडतं.” मग तिने पिशवीत हात घातला. “ताई, तुम्हाला एक दाखवायचंय. तुमच्या कड्यातली नोंद.”

तिने टेबलावर कागद पसरला. दोन रेषा होत्या. हिरवी मृण्मयीच्या पूर्वस्पंदाची, लाल कड्याच्या टोच्याची. पहिल्या वर्षांत हिरवी आधी उठत होती आणि लाल तिच्या मागून येत होती. मग दोन्ही बरोबर. आणि त्यानंतर लाल आधी. हिरवी तिच्यामागे फरफटत.

“म्हणजे?”

“कडं आधी तुमचं मन ओळखायचं. मग त्याला मनाची गरज उरली नाही. अशा वेळी बहुतेक लोक काय करतात हे त्याला ठाऊक असतं. ते हात हलवून मोकळं होतं. मग मेंदू म्हणतो, हे मीच केलं.” रेहानाने मान खाली घातली. “हे बघितलं आणि मी काम सोडलं. सांगितलं असतं तरी कुणाचा विश्वास बसला नसता. बसणार कसा? प्रत्येक जण म्हणतो, छे, माझा हात मीच हलवतो.”

मृण्मयीने कागदावरच्या तारखांवर बोट ठेवलं. लाल रेषा पुढे गेली त्याला पंधरा वर्षं झाली होती. तिचं बोट सरकत सरकत बारा वर्षांपूर्वीच्या एका दिवसावर थांबलं.

“रेहाना. दुकान बंद करायच्या कागदावर सही मीच केली ना गं?”

रेहानाने कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

“मला आठवतंय, मी केली. वाईट वाटत होतं, पण केली.”

“त्या वर्षी राज्यातल्या सगळ्या बांगडीवाल्यांनी केली, ताई. एकाच महिन्यात.”

मग मृण्मयी उठली. कपाट उघडून मागच्या खणातून तिने कागदात गुंडाळलेला एक डझन काढला. हिरव्या काचेच्या, बारा वर्षं अंधारात राहिलेल्या. तिने डावा हात रेहानापुढे धरला.

“भर.”

“मला येत नाही.”

“फोडशील. फोड. मी म्हणते तसं कर.” आणि तिने गिऱ्हाइकांना म्हणायची ती ओळ सुरू केली. बांगडी पंजावर अडते तेव्हा बाई मूठ आवळते. तिला बोलण्यात गुंतवायचं, आणि शेवटच्या शब्दाला बांगडी आत सरकवायची.

“सैल सोड मूठ, उगी राहा बाई
कांकणाला माझ्या, नाही नाही घाई.”

दोन फुटल्या, चार भरल्या. फुटण्याचा आवाज झाला तेव्हा दोघीही दचकल्या, आणि मग दोघीही हसल्या.

“लहानपणी अंगणात खेळताना,” मृण्मयी पुन्हा बसत म्हणाली, “मी सगळ्यांत बारकी. पोरी मला कच्चं लिंबू करायच्या. कितीही वेळा पकडलं तरी मी आउट नाही, माझ्यावर राज्य नाही. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी मी भोकाड पसरलं, माझ्यावर राज्य द्या म्हणून. राज्य नाही त्याला खेळात धरतच नाहीत, फक्त पळू देतात.” तिने कंट्रोलर घट्ट धरला. “तुमच्या कड्याने अख्ख्या गावाचं कच्चं लिंबू केलंय गं.”

तिने डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत ओळ म्हटली. ‘नाही नाही...’ आणि ‘घाई’ला बांगड्या किणकिणल्या.

खट्.

पडद्यावर पुढची ओळ आली : ‘डावीकडचं बटण दाबा.’

“मी केलं?” तिने विचारलं. रेहानाने तिच्या मनगटाला आधीच एक नोंद घेणारी तार लावली होती; तिचा कागद तिने पुढे केला. त्यावर एकच रेषा होती. हिरवी, वाकडीतिकडी, एकटी.

खेळात एक निळी शेळी होती आणि नदीतले दगड होते. शेळीला उड्या मारत पलीकडे न्यायचं, एवढंच. पहिल्या दिवशी शेळी पहिल्याच दगडापाशी बुडाली. एकवीस वेळा. तीन बुडबुडे यायचे आणि ‘खेळ संपला’ अशी अक्षरं यायची. इतक्या स्पष्टपणे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की तू चुकलीस. ती खदखदून हसायची आणि पुन्हा सुरू करायची. एकदा हट्टाने कडं घालून बघितलं. शेळी एका दमात सगळ्या नद्या ओलांडून गेली. मृण्मयीला दुसऱ्याचं जेवण बघत बसल्यासारखं वाटलं. तिने कडं काढलं ते पुन्हा घातलं नाही. सांडलं, कापलं, भाजलं. विसाव्या दिवसानंतर ओळ म्हणायची गरज पडेनाशी झाली. अडतिसाव्या दिवशी शेळी दुसऱ्या नदीपर्यंत पोचली.

चाळिसाव्या दिवशी ती पुन्हा कार्यालयात गेली, हातभर बांगड्या घालून. रांगेतले लोक आवाजाने वळून बघत होते. तिने पेन उचललं आणि सही केली. ‘रासने’तला ‘स’ ओळीबाहेर गेला, शेवटची मात्रा लांबली. पण झाली.

मोहिते साहेबांनी तोंडाचा आ केला. मग त्यांनी कागद तपासणीयंत्राखाली धरला, आणि त्यांचा चेहरा पुन्हा समजूतदार झाला. “ताई, ही तुमची सही नाही. नोंदीतल्याशी जुळत नाही.”

“जुळेल कशी? नोंदीतली कड्याची आहे. ही माझी.”

“पुन्हा करून बघा.”

तिने दुसऱ्या कागदावर केली. तिसऱ्यावर केली. तिन्ही तीन तऱ्हेच्या.

“या तर एकमेकींशीसुद्धा जुळत नाहीत!”

“हाताने केल्यात, साहेब. साच्यातून काढल्या नाहीत.”

“मला नाइलाजाने नामंजूर करावं लागेल,” मोहिते म्हणाले, आणि ते म्हणत होते तोवर त्यांच्या उजव्या हाताने शिक्का उचललासुद्धा होता.

“थांबा!” बांगड्या खणखणल्या. “हे तुम्ही ठरवलंत?”

“म्हणजे काय? मीच ठरवलं.”

“बोलायच्या आधी हात उठला होता. मी बघितलं. सगळ्यांनी बघितलं.” ती खिडकीशी वाकली. “कडं काढा आणि मारा शिक्का. तुमच्या हाताने नामंजूर केलंत, तर मी आत्ता, इथे, मुकाट्याने कातडीखाली कडं बसवून घेते. हे सगळे साक्षीला आहेत. का तुम्हीपण कच्चं लिंबू?”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मोहित्यांचे कान लाल झाले. त्यांनी कडं काढून टेबलावर आपटलं आणि शिक्का कागदावर धरला.

शिक्का कागदापासून बोटभर वर राहिला.

आधी ते हसले. मग त्यांनी घसा खाकरला. मग त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. रांगेतलं हसू विझलं. एकेक माणूस आपापल्या मनगटाकडे बघू लागला.

मृण्मयीने खुर्ची ओढली, त्यांच्या समोर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

“राज्य तुमच्यावर आहे, साहेब,” ती हळुवारपणे म्हणाली. “मंजूर करा, नाहीतर नामंजूर. घाई नाही.”

आणि ती वाट बघत राहिली.