माथ्यावरची रोपं

आमची भेट झाली तीच मुळी त्याच्या घसरण्यानं. ओढ्याकाठी शेवाळावरून पाय सटकला, आणि वनखात्याचा नवा सर्वेक्षक, झाडांचे घेर मोजायची फीत गळ्यात घेऊन, थेट माझ्या रोपांच्या टोपलीपाशी येऊन पडला.

"झाडं मोजायला आलात की लोळायला?" मी हसत विचारलं.

"तू अशी हसणार असशील तर... लोळायलाच." तोंड भारी गोड!

बाबा तिथल्या रोपवाटिकेत माळी, मी त्यांच्या हाताखाली. मी त्याला 'फीतवाले' म्हणायचे. तो रोज काही ना काही विचारायला यायचा, विचारायचं विसरून उभा राहायचा. मग एक दिवस नकाशा बघून त्यानं ओढ्याकाठची चारशे रोपं डोंगरमाथ्यावर लावायला सांगितली.

"फीतवाले, ही रुंद पानांची जात. हिला ओल लागते, सावली लागते. माथ्यावर वीतभर माती, खाली खडक, वर वारा. तिथं बारीक पानांची, काटेरीच तगतात."

"किती शिकलीस गं?"

"दुसरी. झाडं तेवढीही शिकली नाहीत, तरी त्यांना कळतं कुठं उभं राहायचं."

तो माझ्याकडे बघून हसला... आणि खड्ड्यांच्या खुणा माथ्यावरच केल्या.

उन्हाळ्यात सगळी रोपं करपली. मोठ्या साहेबांनी ठरवलं, माळ्यानं पाणीच घातलं नाही. बाबांची बावीस वर्षांची नोकरी गेली. ज्या माणसानं कधी रजा घेतली नाही त्याला लोक कामचोर म्हणू लागले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आणि फीतवाला गप्प! त्याची नोकरी पक्की व्हायची होती ना.

आठ दिवस मी त्याच्याकडे पाहिलं नाही. नवव्या दिवशी तो अंगणात आला — हातात कागद.

"मोठ्यानं वाचा. आत ऐकू जाऊ दे."

"रोपं पाण्यावाचून मेली नाहीत... जागा चुकीची होती. ती मी निवडली. माळ्याच्या मुलीनं बजावलं होतं, मी ऐकलं नाही." त्यानं कागद माझ्या हातात ठेवला. "ही नक्कल. मूळ कागद कालच साहेबांना दिला. मला काढलंय. बाबांना परत बोलावलंय."

"आठ दिवस लागले?"

"भ्यालो होतो. आता तुला भितोय... माझ्याशी लग्न करशील?"

मेल्याला मारावं, की — माझे डोळे भरून आले.

"खायला काय घालाल?"

"खड्डे खणीन. तू सांगशील तिथंच."

मी हात पुढे केला. तेवढ्यात आतून बाबांनी दाराला कडी घातली. त्याच्यासाठी ती त्यांनी मरेपर्यंत काढली नाही.