कमिटीपुढचं ‘नाही’

बुलढाण्याच्या स्टँडवरून धाड गावची एस.टी. सुटायला आली होती. माझी सुट्टी होती, मावशीकडे निघाले होते, आणि बाकावर शेजारी बसलेली म्हातारी स्वतःशीच पुटपुटत होती.

“काय झालं आजी?”

“काय सांगू बाई... इतक्या वर्सानं पुन्हा बाहेर बसून राह्यली मी. दवाखान्यात तेच सांगतलं, तर तो नवा डॉक्टर म्हणे, बसा मंग बाहेर. बसली. मले कोनी बलावलंच नाही.”

आमच्याकडे बायका पाळी येण्याला ‘बाहेर बसणं’ म्हणतात. पाळी केव्हाच थांबलेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा जायला लागणं म्हणजे काय असू शकतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. कारण मी त्याच दवाखान्यात डॉक्टर होते. कंडक्टरने घंटी मारली, तशी मी म्हातारीचा हात धरून खाली उतरले.

आमचा दवाखाना म्हणजे बुलढाण्यातली धर्मादाय संस्था. नवे डॉक्टर सबनीस त्याच सकाळी पुण्याहून रुजू झाले होते आणि निवांत चहा पीत होते. मी तो चहा त्यांना गोड लागू दिला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं... आणि कप खाली ठेवून थेट म्हातारीपुढे हात जोडले.

“आजी, चुकलं माझं. शब्द माहीत होता हो, पण समोर तुम्ही, या वयाच्या... डोक्यातच आलं नाही.”

भांडायची माझी अर्धी तयारी वाया गेली. असा राग येतो अशा माणसांचा!

त्या आजींना, झुंबरबाईंना, दाखल केलं. तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा निकाल येईपर्यंत माझं जेवणावरचं मन उडालं होतं. निकाल आला – गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पण सुरुवातीचा. ऑपरेशनने बऱ्या होतील असा.

“करणार कोण?” आमचे मोठे डॉक्टर नारायणराव म्हणाले. “नुसती पिशवी काढून भागत नाही. भोवतालच्या गाठीही काढाव्या लागतात, आणि लघवीची नळी तिथेच चिकटून जाते. तिला धक्का लागला की संपलं. मी हे एकदाच पाहिलंय, केलेलं नाही. यासाठी जाणत्याच्या हाताखाली वर्षभर उभं राहावं लागतं, रोज.”

झुंबरबाईंना मुंबईला पाठवायचं ठरलं. तिथल्या कॅन्सरच्या दवाखान्यात शिकायला एका डॉक्टरची जागाही मिळत होती. एकाच! नारायणरावांनी संस्थेच्या कमिटीकडे दोन नावं दिली – एक माझं, डॉ. कुमुद इंगळे, आणि दुसरं डॉ. दिनकर सबनीस.

तेव्हापासून माझी झोप उडाली. जिल्ह्यातल्या किती बाया हे दुखणं कुणा पुरुषाला सांगणार? आणि सांगितलं तरी ‘मुंबईला जा’ यापलीकडे आम्ही त्यांना काय देणार? मला ती जागा हवी होती... आणि त्याच वेळी, काय सांगू, मला इथून हलायचंही नव्हतं.

कारण संध्याकाळी व्हरांड्यात मी आणि सबनीस खुर्चीच्या दांड्याला काळा दोरा बांधून ऑपरेशनच्या गाठी मारत बसायचो. एका हाताने, न बघता. हाताकडे बघायचं नसे म्हणून मग आम्ही एकमेकांकडे बघत असू.

“तुमची गाठ सैल आहे, इंगळे.”

“तुमची फार घट्ट आहे. टाका तुटेल.”

“मला घट्टच आवडते.”

माझ्या हातातला दोरा निसटला. ते हसले नाहीत. नुसते बघत राहिले.

कमिटीच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, “कुमुद... मला तुम्हाला एक...” त्यांचे कान लाल झाले होते. “...एक कात्री द्याल?”

कात्री त्यांच्या मांडीवरच होती.

दुसऱ्या दिवशी कमिटी. आमच्या कमिटीला एकच धास्ती – शिकवून तयार केलेली मुलगी सासरी निघून जाईल. वामनराव अध्यक्ष. त्यांनी बाकी सगळं विचारलं, आणि शेवटी घसा खाकरून म्हणाले, “लग्न कुठं ठरलं तर नाही ना बाई? तसं असंल तर आम्ही सबनिसांले पाठवू.”

शेजारच्या खुर्चीत सबनीस बसले होते. मी वळून पाहिलं. ते फरशीकडे बघत होते. मला खोटं बोलता येत नाही, तोंडावर लगेच दिसतं. पण खोटं बोलायचं होतंच कुठे?

“नाही,” मी म्हणाले.

जागा मला मिळाली. घरी जाऊन मी पोटभर रडले.

मलकापूर स्टेशनवर मुंबईच्या गाडीला सबनीस आमची ट्रंक घेऊन आले. झुंबरबाईंचा मुलगा उकंडराव सामान लावत होता. मी खिडकीत, ते फलाटावर.

“एक विचारू?” ते म्हणाले. “त्या संध्याकाळी मी विचारलं असतं, तर कमिटीपुढे तुम्ही काय सांगितलं असतं?”

मला रागच आला. आता विचारतात!

“ठरलंय म्हणून सांगितलं असतं!”

“म्हणूनच नाही विचारलं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही... आणि मला तुमची जागा नको होती.”

इंजिनाने शिटी दिली. माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. गाडी हलली, ते खिडकीची सळई धरून चालू लागले, मग पळू लागले.

“मग... आता ठरलं?”

झुंबरबाईंनी मला कोपराने ढोसलं. “हाव म्हन ना पोरी! पडते ना तो!”

“हाव!” मी ओरडले. “सोडा आता सळई... हाव!”

डबाभर लोक हसले. फलाट मागे गेला, ते लहान लहान होत गेले, तरी मी बघतच होते. तेवढ्यात झुंबरबाईंचा हात माझ्या हातावर आला.

“पोरी, मले तू कापशील का?”

“नाही आजी. मोठे डॉक्टर करतील. मी शेजारी उभी राहून पाहीन.”

“मंग तिथं नीट पाह्य,” त्या म्हणाल्या. “अन् हे मागं पाहनं आता बंद कर.”

मी खिडकीकडे पाठ केली.