घरी कुणाला ने

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

आणि हे रात्री-बित्री नाही, भर दुपारी घडलं. ऑफिसातले सगळे जेवायला गेले होते.

ढमी तिथे मेलचा सर्व्हर सांभाळते. मेल येता येता मध्येच लाइन तुटली, तर तो कुणालाच पोहोचत नाही. अर्धा तुकडा एका फोल्डरमध्ये पडून राहतो. असे तुकडे न वाचता झाडून टाकायचे, हे तिचं रोजचं काम.

त्या दुपारी मात्र तिचं बोट थांबलं...

पाठवणाऱ्याच्या जागी दादाचं नाव होतं.

दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. अपघातानंतर बेशुद्ध होता, दवाखान्यात, मशीनवर. दुसऱ्या दिवशी मशीन बंद करायचं ठरलं होतं. वहिनीने रडत रडत होकार दिला होता.

"ढमे, मला सगळं ऐकू येतंय. मशीन बंद करू नका. मी"

पुढे काहीच नाही.

कुणाची ही घाणेरडी चेष्टा? तिचं डोकंच फिरलं. दादाचा पासवर्ड फक्त वहिनीला ठाऊक. पण वहिनी कशाला असं लिहील? तिने तपासलं. मेल दादाच्या फोनवरून निघाला होता.

आणि तो फोन...

ढमीच्याच पर्समध्ये होता. अपघातात चुरा झालेला.

तिने दवाखाना डोक्यावर घेतला. "माझ्या दादाला हात लावाल तर याद राखा!" डॉक्टर वैतागले, पण मशीन चालू राहिलं.

आठवड्याभरात दादाने डोळे उघडले!

तो घरी आला. ढमीला आनंदाने रडू फुटलं. पण दादा आता तिची टिंगल करेना. विचारलं तेवढंच बोले.

"दादा, मेल कसा रे पाठवलास?"

"कसला मेल?"

"अगं, मरणाच्या दारातून आलाय माणूस," वहिनी म्हणाली. "तुझं आपलं काहीतरीच."

ढमीलाही ते पटलं होतं. परवा दुपारपर्यंत.

परवा फोल्डरमध्ये पुन्हा एक तुकडा होता. दादाच्याच नावाचा.

"ढमे, मी अजून इथेच आहे, दवाखान्यात. तुम्ही घरी कुणाला ने"

तिने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादा कुठाय?"

"हा काय, बाळाला कुशीत घेऊन पडलाय. का गं?"